चाक विजेचे, ऊन भुसावळचे

विजेच्या इंजिनांचे शेड असलेल्या आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या रोज पाहणाऱ्या आपल्या गावाला वीज काही नवी नाही. तरीही विजेची दुचाकी घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा, आणि दुसरा ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ हा. बॅटरी कसली आहे, असे विचारणारा विरळाच. माझे मत असे की गाडी मागाहून बघावी, आधी बॅटरी आणि चार्जर निवडावा. किमतीतला मोठा वाटा तिथेच जातो आणि काही वर्षांनी पुन्हा खिशात हात घालावा लागतो तोही तिथेच.

“तू कला शाखेचा, तुला या उठाठेवी कशाला?” असे काही मित्र म्हणतील. मित्रहो, माझे वडील मालधक्क्यावर हमाली करतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. गावाहून इथवर तेरा किलोमीटर, सकाळची एस.टी. चुकली की पहिले दोन तास बुडाले. गाडीचा विषय निघाला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “घे बाबा, पण पैसे एकदाच होतील, दुसऱ्यांदा नाही.” अशा घरात गुणाकार कला शाखेला वर्ज्य ठेवून भागत नाही.

तर हिशेब असा. २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी, म्हणजे पासिंग न लागणारी गाडी मी धरली. किलोमीटरला सुमारे २० वॉट-तास लागतात असे मानले तर जाऊन-येऊन २६ किलोमीटरला ५२० झाले. समोरचा वारा, मागे बसणारा मित्र आणि बॅटरीचे म्हातारपण यांसाठी थोडे वर ठेवायचे. ४८ व्होल्ट गुणिले १५ ॲम्पियर-तास म्हणजे ७२०, एवढे पुरे. शिशाची बॅटरी स्वस्त खरी, पण ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर संपते. तिच्यावर हेच काम घ्यायचे तर जवळजवळ दुप्पट क्षमता हवी आणि तीसएक किलो वजन रोज वाहायला हवे. हमालाच्या मुलाला वजनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

लिथियममध्येही दोन जाती आहेत, आणि खरी गोम इथेच आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली हलकी, लोह-फॉस्फेटवाली थोडी जड, पण उष्णता अधिक सोसणारी आणि जास्त वर्षे टिकणारी. नाशिक-पुण्याचा माणूस पहिली घेईल तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक लिथियम बॅटऱ्या चार्ज करण्याची मर्यादाच ४५ अंशांच्या आसपास असते! म्हणून भुसावळकराने लोह-फॉस्फेटच घ्यावी, असे मी ठामपणे म्हणतो.

चार्जरच्या बाबतीत तर अंधारच आहे. ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली १३ सेलची पहिली जात ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते आणि १६ सेलची दुसरी ५८.४ ला. पिन मात्र पुष्कळदा एकाची दुसऱ्याला बसते. ‘बसतो ना, मग चालतो’ हे आपले ब्रीद! जास्त व्होल्टचा चार्जर कमी व्होल्टच्या बॅटरीला लावला की सगळी भिस्त आतल्या संरक्षक सर्किटवर. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या आणि सरकारला बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करावे लागले, हे विसरून कसे चालेल? चार्जरवरचा आकडा वाचायला विज्ञान शाखेचा दाखला लागत नाही.

झटपट चार्जरचा मोह मला समजतो. खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा दोन तासांत काम उरकलेले बरे, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु जास्त प्रवाह म्हणजे जास्त उष्णता. माझा रोजचा खर्च सुमारे ११ ॲम्पियर-तासांचा. ३ ॲम्पियरचा चार्जर तो चार तासांत भरून काढतो. गाडी उन्हातून आली की ती निवू द्यावी आणि पत्र्याखाली भर दुपारी न लावता पहाटे लावावी.

आता प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपल्या सायकल स्टँडवर छप्पर अर्धेच आहे, आणि त्या अर्ध्याखाली कोणाच्या गाड्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. उरलेल्या भागावर साधे गवती छप्पर झाले तरी बॅटऱ्या वाचतील. भिंतीला मीटरसह दोन प्लग दिले तर उत्तमच. एका गाडीला दिवसाला पाऊण युनिटही लागणार नाही. ते पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला कार्यालयात भरू, पावती मिळाली म्हणजे झाले.