डागडुजीची विद्या आणि तिची तरतूद

अजिंठा-बुलढाणा मार्गावरील मौजे धावडा आणि भोकरदन तालुक्यातील तत्सम गावे यांतून वैशाख सरून मृग नक्षत्र लागेपर्यंतचे दिवस हे शेताच्या मशागतीइतकेच घराच्या डागडुजीचेही असत. छपराची गळती शोधणे, भिंतींचे पोपडे खरवडून नवे लिंपण देणे, पन्हाळी मोकळ्या करणे, अंगण चोपून सारवणे ही कामे घरातील माणसे आपल्याच हातांनी, जवळपासच्या मातीने, भुशाने आणि शेणाने उरकीत, आणि त्यांपायी रोख पैसा असा फारच थोडा खर्ची पडे. ही विद्या आज झपाट्याने लोप पावत आहे आणि तिच्या रक्षणाची तजवीज सरकारने केली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तिला विद्या म्हणण्यास आधार आहे. मराठवाड्याच्या जुन्या माळवदाचे छत लाकडी तुळयांवर मातीचे थर चढवून सिद्ध होई, आणि त्याच्या वरच्या थराला कोणती माती चालेल याविषयी लोकांचे ज्ञान पक्के होते. शेतातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून ती वर्ज्य. जुन्या गावठाणातील पांढरी माती मात्र भिजताच दाट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. (या मातीच्या लोभाने कित्येक गावांच्या गढ्या व प्राचीन टेकाडे पोखरली गेली, ही त्या व्यवहाराची खेदजनक बाजू होय.) लिंपणाच्या चिखलात गव्हाचा भुसा मिसळून तो काही दिवस कुजू दिला म्हणजे वाळताना भिंत तडकत नाही, हेही प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला ठाऊक असे. आता त्याच मातीच्या भिंतीवर मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा चढविला जातो. पायातून चढणारी ओल बाहेर पडण्यास वाट न राहिल्याने भिंत आतल्या आत भुसभुशीत होते, गिलाव्याचे पापुद्रे दोन-चार पावसाळ्यांत गळून पडतात, आणि अधिक पैसा वेचूनही घर पूर्वीपेक्षा दुर्बल होऊन बसते.

तथापि परंपरेने चालत आलेली प्रत्येक रीत निर्दोष होती, असे मात्र कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली, आणि त्या संहाराचे एक कारण ही डागडुजीची रीतच होती. गळती थांबावी म्हणून जुना थर न काढता वर्षानुवर्षे नवी माती टाकीत गेल्याने कित्येक छतांवर दीड-दोन फुटांचा भार साचला होता, आणि तो पेलणाऱ्या रुंद भिंतींच्या आतील व बाहेरील दगडांना परस्परांत गुंतविणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात नव्या वसाहतींबरोबरच लक्षावधी जुन्या घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम घरमालकांच्याच हाती सोपविण्यात आले. छतावरील मातीचा भार उतरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे टेकू देणे, भिंतींतून आरपार दगड बसविणे हे उपाय सामान्य कुटुंबांना समजावून देण्यासाठी गावोगावच्या स्त्रियांना संवाद साहाय्यक म्हणून नेमले गेले. हे सारे उपाय गावचा गवंडी व सुतार यांच्या आवाक्यातील होते, आणि म्हणूनच भूकंपापूर्वी ते कोणी शिकविले नाहीत याचे दुःख अधिक वाटते.

आज घरकुलाच्या योजनेतून, २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतून, सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे अनुदान मिळून पक्के घर उभे राहते, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु घराचे छायाचित्र दफ्तरी दाखल होऊन अखेरचा हप्ता वठला की सरकारचा त्या घराशी संबंध संपतो. पुढची निगा घरातल्यांनीच राखायची असते, आणि पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली उन्हाळ्यात जीव कासावीस होतो. वस्तुतः कळीचा चुना रात्रभर भिजवून, त्यात थोडे मीठ व सरस घालून छतावर दोन हात दिले तर उन्हाचा पुष्कळसा ताप परावर्तित होतो, आणि हे काम दोन माणसे एका सकाळी करू शकतात. असे साधे उपाय गावपातळीवरही साधतात: नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरविले, उघडी गटारे नाहीशी केली व डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. आणि हा काटकसरीचा विचार नवा नाही; सेवाग्रामची पहिली कुटी १९३६ मध्ये उभी राहताना शंभर रुपयांची मर्यादा आणि स्थानिक साहित्य यांवर गांधीजींनी धरलेला आग्रह सर्वविदित आहे.

काटकसरीचा पुरस्कार म्हणजे दारिद्र्याचे उदात्तीकरण आणि सरकारला जबाबदारीतून दिलेली मोकळीक, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही, कारण सारवणापासून लिंपणापर्यंतचे श्रम आजवर बहुतांशी स्त्रियांनी केले आणि त्यांचा मोबदला त्यांना कोणीही दिला नाही. परंतु घरकुल बांधताना त्याच कुटुंबाला रोजगार हमीतून सुमारे नव्वद दिवसांची मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली, म्हणजे स्वतःच्या घरावर केलेले श्रम मजुरीस पात्र आहेत हे तत्त्व सरकारने मान्य केलेलेच आहे. रोजगार हमीची कल्पना प्रथम अमलात आणणाऱ्या महाराष्ट्राने हेच तत्त्व दुरुस्तीलाही लागू करावे. धावड्यासारख्या प्रत्येक ग्रामपंचायतीने अक्षय्य तृतीयेनंतर गावातील जाणत्या गवंड्यास, सुतारास आणि लिंपणात निष्णात असलेल्या स्त्रीस मानधन देऊन तरुणांसाठी प्रत्यक्ष कामाचे वर्ग चालवावेत, ते वर्ग निराधार वृद्धांच्या व विधवांच्या घरांवर भरवावेत, आणि त्यासाठी लागणारा चुना, बांबू व मजुरी यांचे स्वतंत्र शीर्ष वार्षिक अंदाजपत्रकात घालावे.