शालेय क्रिकेट : ७६१ विरुद्ध ७, आणि त्यातले १५६ रन बॅटने काढलेच नव्हते

दिवाळीची सुट्टी संपते, शाळांच्या स्पर्धा सुरू होतात आणि एखादं तरी स्कोअरकार्ड व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतं. कधी एकाच मुलाचे चारशे-पाचशे रन, तर कधी अख्खी टीम दहाच्या आत गारद. पहिल्या स्कोअरकार्डवर आपण 'पुढचा सचिन' लिहितो, दुसऱ्यावर हसण्याचे इमोजी टाकतो. पण पुष्कळदा ही दोन्ही स्कोअरकार्डं एकाच मॅचची असतात.

नोव्हेंबर २०१९ मधली हॅरिस शिल्डची मॅच आठवत असेल. मुंबईत आझाद मैदानावर बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलने ७६१ रन केले, त्यात एकाच मुलाचे १३४ चेंडूंत नाबाद ३३८. समोरची टीम ७ वर ऑल आऊट झाली. ते सातही रन अवांतर होते, ६ वाईड आणि १ बाय. एकाही मुलाचं खातं उघडलं नाही. बातमी देशभर गाजली आणि त्या शाळेची भरपूर टिंगल झाली. शाळेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ती मुलं आता विशीत असतील, त्यांना तेवढं पुरे.

त्या टिंगलीत एक आकडा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. ७६१ पैकी १५६ रन कुणीही बॅटने काढलेले नव्हते. तो दंड होता.

दंड कशाचा?

मॅच ४५ ओव्हरची होती. फिल्डिंग करणाऱ्या टीमने ४५ ओव्हर तीन तासांत टाकायच्या, असा नियम. या मुलांच्या तेवढ्या वेळात ३९ च ओव्हर झाल्या, ६ कमी पडल्या. म्हणून १५६ रन दंड. भागाकार केला तर न टाकलेल्या प्रत्येक ओव्हरमागे २६ रन.

आता दुसरा भागाकार करा. दंड वजा केला तर समोरच्या टीमने ३९ ओव्हरमध्ये ६०५ रन काढले होते, म्हणजे ओव्हरमागे साधारण साडेपंधरा. थोडक्यात, या मुलांनी ओव्हर टाकली असती तर साडेपंधरा रन गेले असते आणि टाकली नाही म्हणून २६ गेले. धुलाईपेक्षा दंड महाग पडला.

वरवर पाहिलं तर नियम रास्तच आहे. थंडीत सहाच्या आत उजेड जातो, मैदान दिवसभरच मिळतं, दोन्ही डाव त्यातच बसवायचे असतात. हरणारी टीम मुद्दाम वेळकाढूपणा करू शकते, त्याला चाप हवाच. पण तीन तासांत ४५ म्हणजे तासाला १५ ओव्हर. कसोटीत दिवसाला ९० ओव्हर धरल्या जातात, तिथेही हाच हिशेब. पुरुषांच्या वनडेत ५० ओव्हरना साडेतीन तास मिळतात, म्हणजे तासाला चौदाच्या आसपास. आंतरराष्ट्रीय खेळाडूंना वनडेत जी गती झेपणं कठीण जातं, त्याहून थोडी जास्तच गती आपण सोळा वर्षांखालच्या मुलांकडून मागतोय.

त्यात आझाद मैदान. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. एकमेकांना खेटून पिचेस, एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटजवळ उभा. चौकार गेला की बॉल दुसऱ्यांच्या मॅचमधून शोधून आणायचा. सहाशे रन निघत असताना हे किती वेळा झालं असेल? वर प्रत्येक वाईडचा बॉल पुन्हा टाकायचा. म्हणजे जी टीम जितकी कच्ची, तितकी तिची ओव्हर लांबणार आणि तितका तिचा दंड वाढणार. वेळकाढूपणाला लावलेला चाप कच्च्या टीमच्या गळ्याशी बसला.

मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये हा दंड किती असतो? टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यांत जानेवारी २०२२ पासून टीम वेळेत मागे पडली की उरलेल्या ओव्हरसाठी एक फिल्डर सर्कलच्या आत आणावा लागतो. पुढे स्टॉप क्लॉक आलं. दोन ओव्हरमध्ये ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर आधी दोनदा ताकीद, तिसऱ्या वेळी ५ रन. करोडोंचे करार असलेल्या खेळाडूंना दोन ताकिदी आणि ५ रन, शाळकरी मुलांना थेट ओव्हरमागे २६!

नियम मोठ्यांचे, खेळणारी मुलं

क्रिकेटचे मूळ कायदे लंडनचा एमसीसी हा क्लब लिहितो आणि ते दोन बऱ्यापैकी बरोबरीच्या टीम समोर धरून लिहिलेले आहेत. कायदा क्रमांक १५ प्रमाणे बॅटिंग करणाऱ्या टीमचा कॅप्टन केव्हाही डाव घोषित करू शकतो. करायलाच हवा, असं मात्र कुठेही नाही. समोरच्याला फलंदाजी मिळाली नाही तर मॅच ड्रॉ होईल, ही भीती त्याला भाग पाडेल असं गृहीत धरलंय. पण समोरची टीम पन्नासच्या आत आऊट होणार हे माहीत असेल तर भीती कसली?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला हेच झालं. भंडारी कप या सोळा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत प्रणव धनावडेने नाबाद १००९ रन केले, १२९ चौकार आणि ५९ षटकार. १८९९ पासून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर असलेला नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. विक्रम खरा आहे, तो काढून घ्यायचं कारण नाही. टीमचा स्कोअर ३ बाद १४६५. समोरची टीम पहिल्या डावात ३१ वर आणि दुसऱ्या डावात ५२ वर आऊट झाली. १४६५ ऐवजी ४६५ वर डाव घोषित केला असता तरी त्या मुलांचा एका डावाने आणि ३८२ रननी पराभव झाला असता.

तेव्हाच्या बातम्यांनुसार समोर उतरलेल्यांत बरीच मुलं बारा-तेरा वर्षांची होती, शाळेची मोठी मुलं उपलब्ध नव्हती. एका बाजूची बाउंड्री जेमतेम तीस यार्डांवर असल्याचंही छापून आलं होतं. आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये बाउंड्री पिचच्या मध्यापासून किमान ६५ यार्ड लागते. एमसीसीच्या कायद्यात मात्र किमान अंतराची अटच नाही, मैदान असेल तशी रेघ. 'अंडर-१६' या शब्दात वरची मर्यादा आहे, खालची नाही. त्यामुळे मिसरूड फुटलेल्या मुलासमोर सातवीतला मुलगा लेदर बॉल घेऊन उभा राहू शकतो आणि कागदावर सगळं नियमात बसतं.

लहान मुलांसाठी वेगळे नियम लिहिता येत नाहीत असं नाही. एमसीसीच्याच २०१७ च्या नियमावलीत १३ वर्षांखालच्यांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा बॉल सांगितलाय, मोठ्यांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या पायरीवर पिच १६ मीटरचं आणि टीम सात जणांची, पुढच्या पायरीवर १८ मीटर आणि नऊ जण. पूर्ण पिच २०.१२ मीटरचं असतं, तिथे मुलं तिसऱ्या पायरीवर पोचतात. इंग्लंडच्या बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांत अनेक वर्षं १३ वर्षांखालच्या फास्ट बॉलरला सलग ५ आणि दिवसभरात १० ओव्हरचीच मुभा होती, १५ वर्षांखालच्यांना सलग ६ आणि दिवसाला १२. वाढत्या वयात जास्त बॉलिंग केली की पाठीच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणून ही काळजी.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्येच पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ रन केले, टीमचे ९९१ झाले. त्या खेळीवर ढिगाने लेख आले. ३३० चेंडू म्हणजे एकट्या शॉला टाकलेल्या ५५ ओव्हर, दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या. त्या कोणी टाकल्या? शाळेच्या टीममध्ये सरळ बॉल टाकू शकणारी तीन-चारच मुलं असतात. एका दिवसाच्या मॅचमध्ये बॉलरच्या ओव्हर बांधलेल्या असतात. दोन-तीन दिवसांच्या मॅचमध्ये स्पर्धेच्या नियमांनी वेगळी मर्यादा घातली नाही, तर कॅप्टन त्याच तिघा-चौघांना राबवणार. दुसरा इलाजच नसतो.

मग डाव घोषित का करत नाहीत?

कारण मुंबईत शालेय स्कोअर हा पासपोर्ट आहे. हॅरिस शिल्ड आणि १४ वर्षांखालच्यांची गाइल्स शिल्ड या मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. कोच, निवड समिती, पत्रकार सगळ्यांचं त्यांवर लक्ष असतं. सरफराज खान २००९ मध्ये बारा वर्षांचा असताना ४३९ करून पेपरात आला, अरमान जाफर २०१० मध्ये ४९८ करून. नव्वद केलेल्या मुलाला कोण विचारतो? ज्या मुलाच्या बापाने कर्ज काढून किट घेतलंय, त्याला 'आता आऊट हो' कोण सांगणार? त्या मुलावर किंवा त्याच्या कोचवर राग काढण्यात अर्थ नाही. नियम परवानगी देतो आणि बाजार बक्षीस देतो.

बक्षीस पुरतंच असंही नाही. धनावडेला मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढच्याच वर्षी वडिलांनी पत्र लिहून ती थांबवायला सांगितली, कारण मुलाच्या रन होत नव्हत्या.

दुसरं कारण टॉसच्या आधीचं आहे. चांगली मुलं चार-दोन शाळांत गोळा होतात. हे आजचं नाही, सचिन तेंडुलकरनेही रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून बांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला होता. एकीकडे ठिकठिकाणाहून वेचलेले अकरा जण, दुसरीकडे पीटीच्या सरांनी वर्गावर्गांत फिरून जमवलेले. मोठ्यांच्या क्रिकेटने यावर उपाय काढलाय. २०१८-१९ मध्ये रणजी करंडकात नऊ नव्या टीम आल्या तेव्हा त्यांना मुंबई-कर्नाटकसमोर फेकलं नाही, प्लेट गटात ठेवलं. सॉफ्टबॉलमध्ये पाच इनिंगनंतर सात रनची आघाडी असेल तर मॅच तिथेच संपते. आपल्या खो-खोतही फॉलोऑन आहे.

यावर 'मग मुंबईचा खडूसपणा कुठून येणार?' असं विचारलं जातं. प्रश्न खोटा नाही. लांब खेळी करायला लांबच खेळावं लागतं. म्हणूनच पन्नास झाले की सक्तीने निवृत्त, हा इंग्लंडमधल्या ज्युनिअर लीगमध्ये दिसणारा प्रकार सोळा वर्षांच्या मुलांना लावू नये असं मला वाटतं. दहा वर्षांच्या मुलांना तो जरूर लावावा. पण पहिल्या डावाला ओव्हरची मर्यादा घातली तर कुणाचंही त्रिशतक अडत नाही. २०१९ मध्ये ४५ ओव्हरच्या मॅचमध्येच ३३८ झाले होते. बॉलरच्या रोजच्या ओव्हर बांधल्या, पहिल्या फेरीत ताकदीप्रमाणे गट पाडले, बॉल शोधण्यात गेलेला वेळ अंपायरने हिशेबातून वगळला, तर निवड समितीचं काहीच बिघडत नाही.

आणि खडूसपणा नेमका कुणात यायचा? ३ बाद १४६५ म्हणजे जिंकलेल्या टीममधल्या ११ पैकी ५ जणांच्याच हातात बॅट आली. बाकीच्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या.

यातलं बरंचसं नव्या नियमाशिवायही होऊ शकतं. डाव घोषित करायची मुभा आहेच. कायदा २५ प्रमाणे बॅट्समन केव्हाही निवृत्त होऊन पुढच्याला संधी देऊ शकतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सेमीफायनलला शारदाश्रमकडून तेंडुलकर नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९ वर होते, भागीदारी ६६४ ची. सहायक कोच बाउंड्रीवरून डाव घोषित करायच्या खुणा करत होते आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळत होती. शेवटी लंचला आचरेकर सरांना फोन लागला. सरांनी डाव घोषित करायला सांगितलं. कांबळी म्हणाला, सर, एकच रन, साडेतीनशे होतील. सर नाही म्हणाले. २ बाद ७४८ वर डाव घोषित झाला आणि मग त्याच कांबळीने बॉलिंगमध्ये ३७ रन देऊन ६ विकेट काढल्या.