गेलेल्या माणसाची किल्ली

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या सुरक्षिततेत नाक का खुपसावे, असे कुणी म्हणेल. परंतु प्रसंगच तसा घडला.

कॉलेज सांभाळून मी दीड वर्ष एका करसल्लागारांकडे काम केले. परीक्षेच्या दिवसांत घरून काम करता यावे म्हणून सरांनी कार्यालयाच्या संगणकात इंटरनेटवरून शिरण्याची सोय करून दिली होती. एक नाव, एक पासवर्ड, बस्स. जूनमध्ये मी काम सोडले. दिवाळीच्या सुट्टीत सहज (खरे तर आगाऊपणानेच) तो पासवर्ड घातला, आणि कार्यालयाचा संगणक समोर उघडला! अशिलांची विवरणपत्रे, सहकाऱ्यांचे पगार, सारे काही. घाईने बाहेर पडलो आणि सरांना फोन केला. ते हसून म्हणाले, "अरे, तू काय परका आहेस?"

सरांचा लोभ मोलाचा खरा. पण प्रश्न माझा नव्हताच, माझ्या पासवर्डचा होता. तोच पासवर्ड मी आणखी कुठे कुठे वापरला आहे, हे सरांना कुठे ठाऊक होते?

अमेरिकेत ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदरापर्यंत इंधन वाहून नेणारी सुमारे ५,५०० मैलांची कलोनियल पाइपलाइन आहे. एप्रिल २०२१ च्या अखेरीस तिच्या कंपनीच्या संगणकांत चोर शिरले, ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. पासवर्ड चांगला अवघड होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितले. असेल! पण त्यामागे दुसरी तपासणी नव्हती; मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची साधी कडीसुद्धा नव्हती. खंडणी सुमारे ४४ लाख डॉलर गेली (काही भाग पुढे परत मिळाला), वाहिनी पाच दिवस बंद राहिली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

आपण मात्र पासवर्डमध्ये चिन्ह हवे की आकडा, यावरच वाद घालतो. पासवर्ड जितका बिकट, तितकी तो चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवण्याची शक्यता अधिक! माझ्या मते खरी निष्काळजी निरोपाच्या दिवशी होते. माणूस जाताना आपण कपाटाची किल्ली आठवणीने मागून घेतो, नारळही देतो. त्याचे खाते मात्र तसेच राहते. ते बंद करायला इंजिनिअर लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

परवा सरांना पुन्हा फोन केला. "रिटर्नची गर्दी संपली की करतो," म्हणाले. मी पुन्हा तपासून पाहिलेले नाही.