नंबर आमचा, कुलूप तुमचं

लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या कुठल्याही कचेरीत सर्व्हर बसला, की फोन जातो क्लाउड कंपनीच्या सपोर्टला. तिकडून पहिला प्रश्न येतो, "इन्स्टन्स आयडी सांगा." म्हणजे सर्व्हरचा ओळख क्रमांक. अहो, तो आयडी दिला कुणी? तुम्हीच ना? पैसे आमचे, माहिती आमची, खोळंबा आमचा, आणि ओळखपत्र तुमच्या कुलपात! मी याला उद्दामपणाच म्हणतो.

सर्व्हर घेताना आपण त्याला हौसेनं नाव देतो, 'पगार' किंवा 'बिलिंग'. ॲमेझॉनकडे ते नाव म्हणजे वरून डकवलेली चिठ्ठी. दहा सर्व्हरांना एकच नाव दिलं तरी कुणी हटकत नाही. खरी ओळख वेगळीच: 'आय', आडवी रेघ आणि पुढे 17 चिन्हं. 2016 च्या आधी आठात भागत होतं. ओरॅकलकडे याच कुळातल्या क्रमांकाला ओसीआयडी म्हणतात, आयबीएमकडे सीआरएन, मायक्रोसॉफ्टकडे रिसोर्स आयडी. जितके देव तितकी सहस्रनामं, आणि पारायण ग्राहकानं करायचं!

आता ती 17 चिन्हं फोनवर सांगून बघा. 0 ते 9 आणि ए ते एफ, एवढ्यातूनच ती बनतात. परळ स्टेशनच्या गर्दीतून बी, सी, डी, ई ओरडा. चारही अक्षरं पलीकडच्याला सारखीच ऐकू येतात. आधारच्या 12 अंकांतला शेवटचा अंक आधीच्या 11 अंकांवरून गणितानं काढलेला असतो. पुस्तकाच्या आयएसबीएनचा 13 वा अंकही तसाच. एक अंक चुकला की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. दादरच्या दुकानातल्या दोनशे रुपयांच्या पुस्तकाची जी काळजी घेतली जाते, ती अख्ख्या धंद्याचा हिशेब सांभाळणाऱ्या सर्व्हरची का नाही? त्या 17 चिन्हांत ग्राहकाला पडताळून पाहता येईल असा तपास-अंक दिलेलाच नाही.

यावर पंडित म्हणतात, सर्व्हरलाच विचारा. 169.254.169.254 या पत्त्यावर तो स्वतःचा आयडी सांगतो. सांगतो ना, जिवंत असला तर! ॲमेझॉनच्या 2019 पासूनच्या सुरक्षित पद्धतीत तर आधी टोकन मागायचं, मग आयडी. आणि आयडीची निकड लागते सर्व्हर आडवा पडल्यावर. मग कन्सोल, म्हणजे कंपनीचं नियंत्रणाचं पान, उघडा म्हणतात. कन्सोलचं लॉगिन ज्याच्या नावावर, तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला, आणि ओटीपी जातो त्याच्या मोबाइलवर.

दादरच्या एका लहानशा हिशेबनिसांच्या कचेरीत हा तमाशा मी डोळ्यांनी पाहिला. महिन्याची 20 तारीख, जीएसटीचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. कंपनीच्या छापील बिलात रुपये पैशापर्यंत होते, आयडी नव्हता. शेवटी एका पोरानं जुन्या ईमेलांच्या ढिगातून धोक्याची सूचना देणारं एक पत्र उपसलं. त्यात तळाला तो क्रमांक होता. ज्या पत्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यानं कचेरी वाचवली.

लोअर परळच्या त्याच आवारात गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हा प्रत्येक कामगाराला तिकीट नंबर असे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक गेल्या. पण म्हाडाच्या घरासाठी गिरणी कामगार म्हणून पात्रता सिद्ध करताना तोच तिकीट नंबर, ईएसआयसीचा क्रमांक, लाल पास कामाला आले. लालबागच्या खोलीतल्या ट्रंकेत ते कागद होते म्हणून! गिरणीमालक काही धर्मात्मे नव्हते. तरीही नंबर कामगाराच्या हातात होता, आणि गिरणी बुडाल्यावरही तो बुडाला नाही.

क्लाउड कंपन्या मात्र 'सुरक्षितता' हा शब्द ढालीसारखा पुढे करतात. थोतांड आहे ते. आयडी म्हणजे पासवर्ड नव्हे. नुसत्या आयडीवर कंपनी कुणालाही सर्व्हरला हात लावू देत नाही. मग तो मासिक बिलावर ठसठशीत छापायला काय अडचण आहे? खातेदाराची ओळख पटल्यावर सपोर्टवाल्यानंच सर्व्हरांची यादी वाचून दाखवायला काय जातं?

तुमच्या कचेरीतले 'डिजिटल' साहेबही कमी नाहीत. वहीत आयपी पत्ता लिहून ठेवतात आणि निर्धास्त होतात. ॲमेझॉनकडे कायमचा पत्ता घेतलेला नसेल, तर सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की बाहेरचा आयपी बदलतो, आयडी तोच राहतो. आणि सर्व्हर पुसून नवा उभा केला की नाव तेच, आयडी नवा.

म्हणून वाचकहो, सर्व्हर चालू आहे तोवर आजच आयडी काढा, तारखेसह कागदावर छापा आणि तो कागद कचेरीच्या फाइलीत लावा. सर्व्हर नवा झाला की कागदही नवा लावा. आणि पुढचा करार करताना कंपनीच्या माणसाला समोर बसवून सांगा: बिलावर आयडी छापणार असाल तरच सही होईल.