आठ मिनिटांत एक आयुष्य

रात्री दुकानाचे शटर खाली येते, गल्ल्याचा हिशेब मिळतो आणि घरातील सर्व मंडळी एका छताखाली जमतात. तरीही आजोबा एका खोलीत, मुलगा-सून दुसऱ्या खोलीत आणि नातवंडे आपापल्या मोबाईलमध्ये, असे चित्र आज अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते. भाषाही एक उरलेली नाही. आजी मारवाडीत किंवा गुजरातीत बोलते, बाजारातील व्यवहार मराठीत होतो आणि नातू इंग्रजीत विचार करतो. अशा घरात तिन्ही पिढ्यांनी शेजारी बसून पाहावे असे काय आहे, या प्रश्नाचे एक उत्तर लघुपटांत सापडते. काही उत्तम लघुपटांत एकही संवाद नसतो. त्यामुळे ते समजण्यासाठी कोणालाही भाषांतराची गरज लागत नाही.

डच दिग्दर्शक मिखाएल डुडोक द वित यांचा ‘फादर अँड डॉटर’ हा २००० सालचा अ‍ॅनिमेशनपट सुमारे आठ मिनिटांचा आहे. सपाट प्रदेशातील बांधावर एक पिता आणि त्याची चिमुकली मुलगी सायकलींवरून येतात. पिता तिला मिठी मारतो, नावेकडे उतरतो, पुन्हा वर येऊन तिला एकदा कवटाळतो आणि नाव वल्हवत निघून जातो. तो परतत नाही. मुलगी मात्र त्या काठावर येत राहते. वारा, पाऊस, बर्फ यांतून येते. मैत्रिणींसोबत येते, पुढे जोडीदारासोबत, नंतर मुलाबाळांसह आणि शेवटी एकटी, वाकलेली वृद्धा होऊन येते. तोवर पाणी आटून तेथे गवत माजलेले असते. त्या गवतात तिला ती जुनी नाव सापडते. पिता कोठे गेला, का गेला, हे दिग्दर्शक सांगत नाही. प्रेक्षक ते आपल्या घरातील एखाद्या गेलेल्या माणसाच्या आठवणीने भरून काढतो. या लघुपटाला २००१ मध्ये ऑस्कर मिळाले.

जपानचे कुनिओ कातो यांचा ‘ला मेझों आँ पेती क्यूब’ हा २००८ सालचा सुमारे बारा मिनिटांचा लघुपटही ऑस्करविजेता आहे. त्यातील गाव हळूहळू पाण्याखाली जात आहे. एक वृद्ध विधुर पाणी चढेल तसा विटांवर विटा रचून घरावर नवा मजला चढवतो. एके दिवशी त्याचा आवडता तंबाखूचा पाइप खाली पडतो आणि तो शोधण्यासाठी पाणबुड्याचा पोशाख घालून तो खाली उतरतो. मजल्यामागून मजला उतरताना त्याला पत्नीचे आजारपण, लेकीचे लग्न, लेकीचे बालपण आणि तळाशी स्वतःचा नवा संसार भेटतो. ज्यांचे बालपण जुन्या पेठेत खाली दुकान आणि वर घर अशा वास्तूत गेले, त्यांना हे घर परके वाटणार नाही. मजले वाढतात, जुन्या खोल्यांचे गोदाम होते आणि त्या खोल्यांत जगलेले दिवस मागे पडतात.

तिसरा लघुपट मुंबईचा आहे. सुरेश एरियत यांच्या ‘टोकरी’ची (२०१७) पात्रे मातीची आहेत. पित्याने जिवापाड जपलेले वडिलोपार्जित घड्याळ मुलीच्या हातून कुतूहलापोटी मोडते. पुढची कथा आहे ती ते दुरुस्त करण्यासाठी शहराच्या रस्त्यावर टोपल्या विकणाऱ्या त्या मुलीच्या धडपडीची. ही पंधरा मिनिटांच्या आसपासची कलाकृती पूर्ण व्हायला सुमारे आठ वर्षे लागली. त्याचे कारण कामाच्या रीतीत आहे. मातीच्या बाहुलीचा हात केसभर हलवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक छायाचित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी एका मिनिटासाठी ७२० छायाचित्रे लागतात. रोजची नोंद रोज वहीत करणाऱ्या व्यापाऱ्याला या कामाची जात ओळखीची वाटेल. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी अशा कामात रमली, तर ‘यातून मिळणार काय’ असे विचारण्यापूर्वी तिच्या हातातील चिकाटीही पाहिली पाहिजे. पेढी उभी राहते तीही याच गुणावर.

या तिन्ही कथांत प्रेम शब्दांत व्यक्त होत नाही. ते पुनःपुन्हा केलेल्या कृतीत दिसते : काठावरची फेरी, विटेवरची वीट, टोपलीमागून टोपली. येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. हे सारे रागाचेच बंधन नव्हे काय? वहीच्या पहिल्या पानावर ज्या गौतमस्वामींच्या लब्धीची प्रार्थना लिहिली जाते, त्यांनाही भगवान महावीरांवरील अनुरागामुळे प्रभूंच्या निर्वाणापर्यंत केवलज्ञान झाले नाही, असे परंपरा सांगते. मग सामान्य संसारी जीवाची काय कथा!

शंका रास्त आहे आणि काठावर परतणाऱ्या लेकीच्या मनात मोह नाही असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच धर्माने सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्यालाही स्थान दिले आहे. राग पकडून ठेवतो. वात्सल्य समोरच्याचे हित पाहते. लेक पित्याची वाट पाहते, पण तिचा संसार, तिची कर्तव्ये त्यापायी थांबत नाहीत. याउलट घड्याळ जपणाऱ्या पित्याला क्षणभर वस्तू दिसते आणि लेक दिसेनाशी होते. परिग्रह म्हणजे केवळ तिजोरीतील साठा नव्हे, हे मातीच्या दोन बाहुल्या एखाद्या प्रवचनाइतकेच स्पष्ट करतात.

तिन्ही लघुपट मिळून पाऊण तासही लागत नाही. एखाद्या रविवारी ते घरात एकत्र पाहावेत आणि नंतर आजोबांना जुन्या घराच्या तळमजल्याविषयी विचारावे. उत्तर लघुपटांहून लांब निघण्याचा संभव आहे. ते मधे न तोडता ऐकावे.

आणखी एक गोष्ट ‘टोकरी’ पाहताना ध्यानात येते. संवत्सरीला व्यापारी, आडते, नातलग अशा शेकडोंना ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश जातात. वर्षभरात काचेची बरणी फुटली, हिशेबाची वही भिजली किंवा मोबाईल पडला म्हणून ज्याच्यावर हात उगारला गेला, त्या घरातील लहान मुलाचे नाव त्या यादीत बहुधा नसते. यंदा त्याच्यापासून आरंभ करावा.