मुदत यंत्राची की कंपनीची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. संगणक सुरू होताच त्याचा सगळा कारभार हाती घेणारी, कळफलकापासून छपाईयंत्रापर्यंत प्रत्येक अवयवाला कामास लावणारी जी पायाभूत आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. त्या मंगळवारी दापोलीतला एकही संगणक बंद पडला नाही. बुधवारी सकाळी शाळांत, पतसंस्थांत व कचेऱ्यांत यंत्रे नेहमीप्रमाणे सुरू झाली. दिवाळीची सुटी तोंडावर असल्याने कोणाचे तिकडे फारसे लक्षही गेले नसेल. घडले ते एवढेच की, या कार्यप्रणालीत यापुढे सापडणारी सुरक्षेची भगदाडे फुकट बुजवून देण्याची जबाबदारी कंपनीने अंगावेगळी केली. यंत्र धडधाकट, परंतु ते वापरणे धोक्याचे, अशी चमत्कारिक अवस्था त्यातून निर्माण झाली आहे. तिचा विचार शहरांतील मोठ्या कंपन्यांपेक्षा दापोलीसारख्या तालुक्याच्या गावी अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवा.

तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेची संगणक खोली डोळ्यांपुढे आणावी. आठ-दहा यंत्रे, काही शासकीय योजनेतून आलेली, काही माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून घेतलेली. चार महिने दमट हवा, विजेचा लपंडाव, आणि ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळासारखा प्रसंग ओढवला तर छपराचीही शाश्वती नाही. या सर्वांतून जी यंत्रे वाचली, ती शिक्षकांनी जपली म्हणून वाचली. तथापि 'विंडोज ११' ही पुढची आवृत्ती त्यांपैकी बहुतेकांना दारातूनच परत पाठविते. तिला टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-व्यवस्था यंत्रात असावी लागते; आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो सामान्यतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा, असावा लागतो. ज्या यंत्रावर शालार्थची वेतनदेयके निघतात, यू-डायसची माहिती भरली जाते आणि दहावीची मुले सराव करतात, ते यंत्र एका रात्रीत निकालात निघते. बरे, ते टाकून द्यावे म्हटले तरी सोपे नाही. डेडस्टॉक रजिस्टरातील एखादे मोडके बाक निर्लेखित करण्यासाठी किती कागद हलवावे लागतात, हे ज्या लिपिकाने ते काम केले आहे त्यालाच ठाऊक. मग चालते यंत्र निर्लेखित करावयाचे, तर 'नादुरुस्त' हा शेरा त्याने कोणत्या तोंडाने मारावा?

हा सारा बागुलबुवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला व ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळित केले. ज्या भगदाडातून ती शिरली ते बुजविणारी दुरुस्ती कंपनीने दोनच महिने आधी दिली होती; ज्यांनी ती बसविली नव्हती ते प्रामुख्याने बळी पडले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने तशाच दुसऱ्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलाचे काम ठप्प झाले. इतके होऊनही आपल्या बँका किती सावध होत्या? 'विंडोज एक्सपी'ची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली. आणि एटीएम यंत्रे त्या जुन्या प्रणालीवरून हलवा, हे काम जून २०१९पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवा, असे रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बजावून सांगावे लागले. हाताशी पैसा व तज्ज्ञ असणाऱ्या बँकांची ही कथा असेल, तर जिथे संगणकाचे काम गणिताच्या शिक्षकाकडे अतिरिक्त म्हणून सोपविलेले असते, त्या शाळेला दोष देण्यात अर्थ नाही.

धोका खरा आहे. पण धोक्याचे कारण पुढे करून जे गळी उतरविले जाते ते तपासून घ्यावयास हवे. विंडोज १०च्या दुरुस्त्या यापुढे तयार होणार नाहीत, असे नाही. त्या तयार होणारच आहेत. त्या कोणाला व किती किमतीला द्यावयाच्या, एवढाच प्रश्न आहे. व्यापारी संस्थांसाठी कंपनीने जाहीर केलेला दर पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असा तीन वर्षांचा आहे. शिक्षणसंस्थांना तीच सेवा पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २ व मग ४, म्हणजे तीन वर्षांचे मिळून ७ डॉलर. घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्षाची सवलत देण्यात आली; तीस डॉलर भरा, किंवा कंपनीकडे खाते उघडून आपल्या यंत्राची मांडणी तिच्या साठवणीत ठेवा, अशा अटींवर. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथील ग्राहकांना त्या अटी बऱ्याच सैल करून मिळाल्या. भारतीय ग्राहकासाठी असा आवाज कोणी उठविल्याचे ऐकिवात नाही. शिवाय कारखान्यांतील व अन्य विशिष्ट यंत्रांसाठी विकल्या जाणाऱ्या याच विंडोज १०च्या एका प्रकाराची देखभाल जानेवारी २०३२पर्यंत चालणार आहे! जी वस्तू २०३२पर्यंत सांभाळता येते तिची मुदत २०२५ मध्ये संपली, असे म्हणणे हा तंत्रज्ञानाचा निर्णय नव्हे, व्यापाराचा आहे. कंपनीने व्यापार करू नये असे कोणी म्हणणार नाही. आपण मात्र त्याला निसर्गनियम मानू नये. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या अखेरीस असा अंदाज मांडला होता की, या एका बदलापायी जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतील.

शाळांसाठीचा सात डॉलरांचा दर ऐकून कोणी म्हणेल, मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, ही दुकानात जाऊन घ्यावयाची वस्तू नव्हे. ती घाऊक परवान्याच्या करारातून मिळते. आंजर्ल्याच्या किंवा केळशीच्या एखाद्या शाळेने एकटीने हा करार कोणाशी व कसा करावा? तो करावयाचा तर शिक्षण विभागाने, साऱ्या राज्यासाठी एकदम करावयास हवा. असा करार नसेल, तर शाळेजवळ उरतो बाजारातला तंत्रज्ञ. तो हुशार असतो. अटींना बगल देऊन नवी प्रणाली जुन्या यंत्रावर बसविण्याच्या युक्त्या त्याला अवगत असतात, आणि काही शे रुपयांत तो यंत्र 'फॉरमॅट मारून' देतो. त्या प्रणालीचा परवाना खरा की खोटा, हे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. अशा रीतीने बसविलेल्या प्रणालीला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरच्या यंत्रावर हा धोका कोणी पत्करला तर तो त्याचा प्रश्न. विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांच्या याद्या ज्या यंत्रात आहेत तेथे ही युक्ती चालवून घेणे बरे नव्हे.

परंतु या सर्वांहून गंभीर असा एक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. तो आपल्या मराठी मजकुराचा आहे.

१९९०च्या दशकात व त्यानंतरही बरीच वर्षे आपल्याकडे मराठी टंकलेखन झाले ते खाजगी टंकांत. युक्ती साधी होती. यंत्राला केवळ इंग्रजी अक्षरे कळत. तेव्हा इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवावयाचे. कृतिदेव टंकात 'क' दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो इंग्रजी 'डी' असतो. टंक आहे तोवर मराठी. टंक गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन चिवडा. प्रत्येक कंपनीची ही वाटणी वेगळी, त्यामुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नसे. कित्येक आज्ञावल्यांबरोबर एक कुलूपयंत्रही येई; ते संगणकाला जोडल्याशिवाय आज्ञावली उघडत नसे. पुढे युनिकोड आले. त्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो दापोलीत तसाच डब्लिनमध्येही 'क'च राहतो. विंडोज २०००पासून देवनागरीची ही सोय कार्यप्रणालीतच आली. तरीही जुनी सवय सुटली नाही. शाळांचे अहवाल, ग्रामपंचायतींचे ठराव, पतसंस्थांची इतिवृत्ते, गावोगावच्या स्मरणिका असा पंधरा-वीस वर्षांचा मजकूर त्या जुन्या टंकांत अडकून पडला आहे.

प्रणाली बदलताना नेमका हाच मजकूर दगा देतो. जुन्या कुलूपयंत्राला नव्या प्रणालीत चालविणारा ड्रायव्हर मिळत नाही. अगदी जुन्या आज्ञावल्या तर ६४ बिटी यंत्रावर उघडतही नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटीच आहे. रूपांतर करून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण त्या डोळे झाकून वापरता येत नाहीत. रफार भलत्या अक्षरावर जातो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी शब्दही मराठी समजून रूपांतरित होतो व त्याचा अर्थहीन अक्षरसमूह बनतो. प्रत्येक पान माणसाने वाचूनच सोडावे लागते. युनिकोडमधील मजकूरही पूर्णपणे निर्धास्त नसतो. ज्या 'मंगल' टंकात आपल्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे पत्रे काढली, तो टंक विंडोज १०पासून मूळ प्रणालीत नाही. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तरच तो येतो. तो नसला की अक्षरे शाबूत राहतात, पण ओळी सरकतात व तक्ते विस्कटतात. यातून मोठी हानी होत नाही हे खरे. परंतु काल नीट छापले जाणारे प्रपत्र आज का बिघडले, याचा शोध घेण्यात बिचाऱ्या लिपिकाचा दिवस जातो.

यावर उपाय म्हणून लिनक्सचे नाव घेतले जाते व ते योग्यही आहे. ही कार्यप्रणाली मोफत आहे, जुन्या यंत्रांवर चालू शकणाऱ्या तिच्या हलक्या आवृत्त्या आहेत, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आयता मिळतो. शालार्थ किंवा यू-डायस ही कामे ब्राउझरमधून होत असल्याने त्यांना अमुकच प्रणाली लागते असे नाही. सीडॅकने याच पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली. मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. मग गाडे अडले कोठे? माझ्या मते ते अडले सवयीत, आणि ती सवय आपणच लावून घेतलेली आहे. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१पासून चालू आहे. नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने लक्षावधी मराठी माणसांनी तो पुरा केला, आणि त्यातून संगणकाची भीती गेली हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्यात शिकविले गेले ते बहुतांशी एका कंपनीच्या पडद्यावरील बटनांचे स्थान. नावातील 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र राज्य. ते मायक्रोसॉफ्टचे लघुरूप आहे असे मानणारे पदवीधर प्रस्तुत लेखकाला एकाहून अधिक भेटले आहेत, आणि त्यांचे फारसे चुकले असे म्हणवत नाही!

केरळने वेगळा मार्ग धरला. तेथील 'आयटी ॲट स्कूल' या प्रकल्पाने शाळांतून मुक्त प्रणाली आणली. ती नुसती बसविली नाही, तर पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतली, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले आणि परीक्षाही तिच्यावर घेतली. २०१७ साली या प्रकल्पाची 'काइट' ही स्वतंत्र संस्था झाली, व ती शाळांसाठी आपली आवृत्ती स्वतः तयार करते. तेव्हा प्रणाली केव्हा बदलावयाची हे केरळच्या शाळांत केरळ ठरवितो. याउलट जर्मनीतील म्युनिक शहराने हजारो संगणक लिनक्सवर नेले, २०१३च्या सुमारास काम पुरे झाल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकीय पाठबळ सरले व कर्मचाऱ्यांची कुरकुर वाढली. तेव्हा लिनक्सचे नाव घेतले की प्रश्न सुटला, अशी भाबडी समजूत बाळगून चालणार नाही.

दापोलीपुरते बोलावयाचे तर येथे १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत आणि संगणकाचे शिक्षण घेतलेली तरुण मुले आहेत. महर्षी कर्वे यांच्या मुरुडचा हा तालुका. शाळेसाठी झिजणारी माणसे येथे नव्याने शोधावी लागणार नाहीत. उन्हाळी सुटीत दोन-तीन शाळांनी एकेक यंत्र लिनक्सवर नेऊन वर्षभर वापरून पाहावे. वेतनाचे काम जिथे होते ते यंत्र शेवटपर्यंत हलवू नये. ज्या यंत्रावर मुले नुसता टंकलेखनाचा किंवा चित्रांचा सराव करतात, त्याची इंटरनेटची जोडणी काढली तरी निम्मा धोका जातो. प्रयोगशाळेतील जुन्या उपकरणांना जोडलेल्या संगणकांबाबतही हेच करावे. यापुढे संगणक खरेदीची निविदा काढताना किंमत व हमी यांच्याबरोबर त्यातील कार्यप्रणालीची देखभाल कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी घेण्यास काहीच हरकत नाही. वर्गणीतून यंत्रे देणाऱ्या माजी विद्यार्थी मंडळांनीही तोच प्रश्न विचारावा. मुंबईत संगणकाची नोकरी करणारा एखादा सभासद बहुतेक मंडळांत असतोच.

आणि जुन्या टंकांतील मजकुराचे काम त्याआधी हाती घ्यावे, कारण त्या फायली उघडणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. एखादा जुना संगणक, त्याच्या कुलूपयंत्रासह, तालुक्यात एके ठिकाणी चालता ठेवावा. बाकीचे संगणक निर्लेखनासाठी पाठविण्यापूर्वी त्यांत कोणत्या साली लिहिलेला, कोणत्या टंकातील मजकूर आहे व त्याची प्रत कोठे ठेवली आहे, एवढे डेडस्टॉक रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात नोंदवावे.