सेव्ह फाईलची प्रत: एक चांगली सवय

माइनक्राफ्टमध्ये चार महिने खपून उभारलेलं गाव एके दिवशी उघडतच नाही. ‘गेमच तर आहे,’ असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. मेहनत तुमचीच असते ना!

कारणं साधी असतात. फाईल लिहिली जात असतानाच वीज गेली, किंवा गेममध्ये घातलेला एखादा मॉड मध्येच काढून टाकला. पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरला वीज जाणं काही नवं नाही.

अशा वेळी गेम पुन्हा पुन्हा चालू करू नका. आधी त्या बिघडलेल्या फोल्डरचीच प्रत काढा, मग दुरुस्ती. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ‘लेव्हल डॉट डॅट’सोबत शेवटी ‘ओल्ड’ असलेली तिची जुनी प्रत असते. बिघडलेली बाजूला ठेवून जुनीला तिचं नाव दिलं, की कधी कधी जग परत उघडतं. मॉड काढला असेल तर तोच, त्याच आवृत्तीचा, परत टाका.

पण दुरुस्ती नशिबावर, प्रत आपल्या हातात! तीही त्याच संगणकात नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर-उल्हासनगरमध्ये शिरलं होतं. एकाच कपाटातली मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्स अशा पुरात एकत्रच भिजतात. म्हणून दर रविवारी आणि नवा मॉड टाकण्याआधी, नावात तारीख घालून, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

हीच सवय उद्या तुमचा शाळेचा प्रकल्पही वाचवेल.